व्हिडिओ शेअरिंग संकेतस्थळाचं डिझाइन सुधारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ दाखवणारी आणि अपलोड करू देणारी संकेतस्थळं चालवणाऱ्या छोट्या टीम्सकडून हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक जण रंग, लोगो, होम पेजची मांडणी इथून विषय काढतात. माझं बरंचसं काम प्लेअर (व्हिडिओ चालवणारी चौकट) आणि अपलोड या दोन गोष्टींवर झालं आहे. त्यातून माझं मत पक्कं होत गेलं की जिथे माणसाला ताटकळत ठेवलं जातं आणि जिथे त्याच्या हातातला ताबा काढून घेतला जातो, त्या जागा आधी दुरुस्त कराव्यात. खालची उत्तरं त्याच मतातून आली आहेत.

सुरुवात कुठून करू? होम पेज आधी घेऊ का?

होम पेज शेवटी घ्या. कुणीतरी मेसेजमध्ये पाठवलेली लिंक दाबून माणूस थेट एका व्हिडिओच्या पानावर उतरतो. होम पेज त्यानं कधी पाहिलेलंही नसतं. तुमच्याकडच्या भेटी कोणत्या पानावरून सुरू होतात ते आकडेवारीत बघा.

मग एक काम करा. टीममधला सगळ्यात जुना, साधा फोन घ्या, वायफाय बंद करा आणि लॉगिन न करता स्वतःच्याच संकेतस्थळाची एक लिंक उघडा. कुकीची परवानगी द्या, ॲप डाउनलोड करा, नोटिफिकेशन सुरू करा, लॉगिन करा... व्हिडिओ दिसण्याआधी अशा किती पाट्या बाजूला साराव्या लागतात ते कागदावर लिहा. एका ठिकाणी मी हे केलं तेव्हा चार निघाल्या. चारही वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी लावल्या होत्या आणि चारही एकत्र टीममधल्या कुणीच पाहिल्या नव्हत्या, कारण सगळे कायम लॉगिन केलेले असायचे.

व्हिडिओ सुरू व्हायला किती वेळ लागला तर चालतं?

दोन सेकंद. हा आकडा हवेतला नाही. कृष्णन आणि सीतारामन या संशोधकांनी २०१२ मध्ये अकामाई या व्हिडिओ पोचवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरच्या जाळ्यावरच्या २ कोटी ३० लाख प्लेची माहिती तपासली. सुरू व्हायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की लोक निघून जायला लागतात आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण ५.८ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना दिसलं. ज्यांचं नेट वेगवान असतं ते तर आणखी लवकर कंटाळतात.

हे दोन सेकंद जातात कुठे? आधी पान येतं, मग प्लेअरची स्क्रिप्ट येते, मग ती व्हिडिओच्या तुकड्यांची यादी मागवते (व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत पाठवतात), मग पहिला तुकडा येतो, आणि मध्येच जाहिरातीचा सर्व्हर आपला वेळ घेतो. ही सगळी कामं एकामागून एक चालतात, हीच खरी अडचण. यादीचा पत्ता पानाच्या मजकुरातच दिला तर स्क्रिप्टची वाट न बघता ती मागवता येते. पहिला तुकडा कमी दर्जाचा आणि छोटा ठेवा, चित्र दोन-तीन सेकंदांत सुधारलं तरी कुणाची तक्रार नसते. कमेंट, शिफारसी, शेअरची बटणं हे सगळं पहिली फ्रेम दिसल्यानंतर येऊ द्या. आणि चौकट काळी ठेवू नका. व्हिडिओतलंच एक स्थिर चित्र लगेच दाखवा, म्हणजे आपण बरोबर ठिकाणी आलो आहोत हे माणसाला कळतं.

मध्येच अडकतो त्याचं काय? तो तर नेटचा दोष आहे ना?

अर्धाच. त्याच अभ्यासात असंही दिसलं की व्हिडिओच्या लांबीच्या १ टक्का इतका वेळ जरी अडकण्यात गेला, तरी तशाच दुसऱ्या प्रेक्षकाच्या तुलनेत माणूस ५ टक्के कमी व्हिडिओ बघतो. म्हणजे दहा मिनिटांच्या व्हिडिओत एकूण सहा सेकंद.

नेट कमीजास्त होणारच, हे धरून तर ॲपलनं २००९ मध्ये एचएलएस ही व्हिडिओ पाठवायची पद्धत आणली आणि २०१२ मध्ये डॅश या तशाच पद्धतीची नियमावली प्रसिद्ध झाली. दोन्हींत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत ठेवतात आणि रेंज बघून प्लेअर पुढचा तुकडा निवडतो. तुमच्याकडे अजून एकच मोठी फाइल चालवली जात असेल, तर बाकीचं डिझाइन बाजूला ठेवून आधी हे करा. दर्जांच्या यादीत अगदी खालची पायरीही ठेवा. धूसर चित्र माणूस सहन करतो, थांबलेलं चित्र नाही.

आता डिझाइनचा भाग. अडकल्यावर लगेच गोल फिरणारं चिन्ह आणू नका. अर्ध्या सेकंदाचा अडथळा डोळ्यांना जाणवतही नाही, पण ते चिन्ह चमकून गेलं की हमखास जाणवतो. शेवटची फ्रेम पडद्यावर तशीच राहू द्या. दर्जाच्या मेनूत नुसते १०८०, ७२०, ४८० असे आकडे असतात. ज्याला ते कळतात त्याच्यासाठी ते ठेवा, पण वर दोन सोप्या निवडीही द्या: ‘चित्र स्पष्ट हवं’ आणि ‘डेटा कमी वापरा’. केलेली निवड पुढच्या व्हिडिओलाही लागू राहिली पाहिजे. दर वेळी मेनू उघडायला लावणं हा मी पाहिलेला सगळ्यात सामान्य दोष आहे.

प्लेअरवर नेमकी कोणती बटणं ठेवायची?

एका चाचणीत साठी ओलांडलेले एक गृहस्थ फोनवर स्वयंपाकाचा व्हिडिओ बघत होते. एक कृती त्यांना पुन्हा पाहायची होती. त्यांनी खालच्या पट्टीवरचा ठिपका अंगठ्यानं धरायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा पट्टी नाहीशीच झाली, कारण बटणं तीन सेकंदांत लपत होती. दुसऱ्यांदा अंगठा थोडा खाली पडला आणि पुढच्या व्हिडिओची लिंक उघडली. तिसऱ्यांदा ठिपका सापडला, पण अंगठ्याखाली झाकला गेला, आणि दहा सेकंद मागे जायचं होतं तिथे ते चार मिनिटं मागे गेले. ते मला म्हणाले, “जाऊ दे, मला जमत नाही हे.” त्यांना सगळं जमत होतं. आमची पट्टी चार पिक्सेल उंच होती.

त्या दिवसानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. पट्टी दिसायला बारीकच ठेवली, पण बोटाला लागणारी जागा वर-खाली वाढवली. ओढताना अंगठ्याच्या वर त्या क्षणाचं छोटं चित्र आणि वेळ दाखवली. आणि दहा सेकंद मागे, दहा सेकंद पुढे अशी दोन मोठी बटणं मध्यभागी आणली. डबल टॅपनं हे होतं हे माहीत असणारे बरेच असतात, पण दिसत नसलेली खूण नव्या माणसाला सापडत नाही.

बटणाच्या मापाबद्दल विचाराल तर ॲपल ४४ पॉइंट सांगतं आणि अँड्रॉइड ४८ डीपी (दोन्ही पडद्यावरची लांबी मोजायची एककं). वेब सुलभतेची, म्हणजे अपंगांनाही संकेतस्थळ वापरता यावं यासाठीची नियमावली, डब्ल्यूसीएजी २.२, ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिच्यात किमान २४ बाय २४ पिक्सेलची अट आहे. किमान म्हणजे किमान. चालत्या गाडीत, एका हातानं फोन धरून बघणाऱ्याला २४ पुरत नाहीत.

कीबोर्ड विसरू नका. स्पेसनं थांबवणं-चालवणं, बाणांनी मागेपुढे, एमनं म्यूट, एफनं फुलस्क्रीन, सीनं सबटायटल या सवयी लोकांच्या बोटांत बसल्या आहेत. यूट्यूबवर जे, के आणि एल या कळांनी दहा सेकंद मागे, थांबा आणि दहा सेकंद पुढे असं होतं. ही पद्धत मुळात एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून आली. वेगळं काही शोधून काढायच्या भानगडीत पडू नका. फक्त एक काळजी घ्या: कमेंट लिहिताना माणसानं के टाइप केलं की व्हिडिओ थांबता कामा नये. हसू येईल, पण हा दोष मी दोन वेगवेगळ्या ठिकाणी दुरुस्त केला आहे.

ऑटोप्ले ठेवावा का?

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पान उघडताच व्हिडिओ आपोआप सुरू होणं, आणि एक संपला की दुसरा आपोआप सुरू होणं.

पहिल्याबद्दल ब्राउझरनंच बरंचसं ठरवून टाकलं आहे. एप्रिल २०१८ मध्ये क्रोमनं आवाजासह आपोआप सुरू होण्यावर बंधन आणलं. म्यूट असेल तर चालतं. सुलभतेचा नियमही आहेच: तीन सेकंदांपेक्षा जास्त आवाज आपोआप वाजणार असेल, तर तो थांबवायची सोय हवी. माणूस व्हिडिओची लिंक दाबून आला असेल तर सुरू करा, त्यासाठीच तो आलेला असतो. यादीच्या पानावर फिरत असताना म्यूट झलक ठीक. पण ज्यानं फोनच्या सेटिंगमध्ये हालचाल कमी ठेवायला सांगितलं आहे, त्याला तीही दाखवू नका. ब्राउझर ही आवड तुम्हाला कळवतो.

दुसऱ्याबद्दल माझं मत ठाम आहे: सुरुवातीला बंद ठेवा. व्हिडिओ संपल्यावरचा क्षण हा माणसाचा स्वतःचा निर्णय घ्यायचा क्षण आहे. ज्याला सलग बघायचं आहे तो एकदा बटण सुरू करेल आणि ते तसंच राहील. हे बटण प्लेअरवरच दिसलं पाहिजे, सेटिंगच्या तिसऱ्या पानावर नाही.

थंबनेलबद्दल काही नियम आहेत का?

थंबनेल म्हणजे यादीत व्हिडिओसाठी दिसणारं छोटं चित्र. मूळ चित्र १२८० बाय ७२० चं मागा, पण तपासा मात्र फोनच्या यादीत दिसेल त्या आकाराला. अपलोड करणाऱ्याला तोच छोटा आकार तिथेच दाखवा, म्हणजे बारीक मजकूर तो स्वतःच काढून टाकेल. व्हिडिओची लांबी तुम्ही चित्राच्या कोपऱ्यात छापत असाल, तर तो कोपराही त्याला झाकलेला दिसू द्या. आणि अर्धा पाहून सोडलेल्या व्हिडिओच्या चित्राखाली कुठवर पाहिलं ते दाखवणारी रेघ द्या. लांब व्हिडिओ बघणाऱ्यांना तिचा फार उपयोग होतो.

शिफारसी कशा असाव्यात?

यूट्यूबनं २०१२ मध्ये क्लिकच्या संख्येऐवजी पाहिलेल्या वेळेला महत्त्व द्यायला सुरुवात केली. भडक चित्र लावून फसवणाऱ्यांना त्यानं आळा बसावा हा हेतू होता. पण माणूस बराच वेळ बसला म्हणजे समाधानी होऊन उठला असं होत नाही. म्हणून एकाच मापावर सगळी यादी उभी करू नका. शेवटपर्यंत पाहिलं का, जपून ठेवलं का, कुणाला पाठवलं का, नंतर त्याच निर्मात्याकडे परत आला का, हे सगळं एकत्र बघा.

शिफारस नको असं सांगायच्या बटणांच्या बाबतीत प्रामाणिक राहा. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलानं २०२२ मध्ये वीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या मदतीनं यूट्यूबवरची ही बटणं तपासली. ‘रस नाही’ या बटणानं नको असलेल्या शिफारसींपैकी जेमतेम ११ टक्के टळत होत्या, आणि ‘हे चॅनेल सुचवू नका’ या बटणानं ४३ टक्के. माणूस बटण दाबतो, यादी तशीच राहते, आणि पुढे तो काहीच दाबत नाही. तुमचं संकेतस्थळ लहान आहे, इथे तुम्ही मोठ्यांपेक्षा सरस ठरू शकता. ‘हे नको’ म्हटलं की तो व्हिडिओ त्याच क्षणी जाऊ द्या, त्या निर्मात्याचे आणि त्या विषयाचे इतर व्हिडिओही मागे ढकला, आणि काय केलं ते एका ओळीत सांगा. चुकून दाबलं असेल तर परत घ्यायची सोय ठेवा. अमुक व्हिडिओ का सुचवला हेही लिहा. ‘तुम्ही काल सायकल दुरुस्तीचा व्हिडिओ पाहिला म्हणून’ एवढं पुरतं.

ज्यांना फॉलो केलं त्यांचे नवे व्हिडिओ तारखेच्या क्रमानं एका वेगळ्या जागी हवेतच. त्यात दुसरं काही मिसळू नका.

स्टार द्यावेत की लाइक?

लाइक. यूट्यूबवर आधी पाच स्टारची पद्धत होती. बहुतेक लोक पाचच स्टार देतात, मधले आकडे जवळपास कुणी वापरत नाही, हे २००९ मध्ये त्यांनीच सांगितलं आणि २०१० मध्ये अंगठ्याची खूण आणली. नापसंतीचा आकडा सगळ्यांना दाखवायचा का, यावर मात्र मतभेद आहेत. यूट्यूबनं तो नोव्हेंबर २०२१ पासून लपवला. कृती शिकवणाऱ्या व्हिडिओंसाठी तो दिसावा असं मला वाटतं, कारण चुकीची कृती करून बघण्यात बघणाऱ्याचा वेळ आणि सामान वाया जातं.

सबटायटलवर एवढा जोर का? आमच्या प्रेक्षकांना ऐकू येतं.

सगळ्यांना नाही. आणि ज्यांना येतं तेही गर्दीत, झोपलेल्या बाळाशेजारी, हेडफोन नसताना म्यूट करून बघतात. डब्ल्यूसीएजीमध्ये आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला सबटायटल असणं ही अगदी पहिल्या पातळीची अट आहे.

आपोआप बनलेली सबटायटल हा कच्चा मसुदा समजा. निर्मात्याला ती दुरुस्त करायला सोपं पान द्या: डावीकडे व्हिडिओ, उजवीकडे ओळी, ओळीवर टॅप केलं की व्हिडिओ त्या जागी जाईल. नावं आणि आकडे हमखास चुकतात, तेवढे जरी त्यानं सुधारले तरी पुष्कळ फरक पडतो.

देवनागरी दाखवताना काही गोष्टी खास सांभाळाव्या लागतात. इंग्रजीच्या बेतानं ओळींमधलं अंतर ठेवलं की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. अक्षराच्या दीडपट अंतर ठेवा. अक्षरं मोकळी दिसावीत म्हणून त्यांच्यामधली जागा वाढवाल तर शिरोरेखा तुटते आणि शब्द चुरल्यासारखा दिसतो. ती जागा शून्यच हवी. एकेक अक्षर उमटत जाणारी सबटायटल सध्या लोकप्रिय आहेत, पण ‘पंक्चर’ लिहिताना मध्येच ‘पंक्’ असा पाय मोडलेला क उमटतो आणि पुढच्या क्षणी त्याचं जोडाक्षर होऊन सगळा शब्द उडी मारतो. शब्दाशब्दानं उमटवा. शीर्षकांचंही तेच. सर्व्हरवर अक्षरं मोजून शीर्षक कापलं की शेवटी मोडका शब्द उरतो. जागेनुसार कापायचं काम ब्राउझरवर सोडा.

अक्षरांचा आकार, रंग आणि मागची पट्टी बदलायची सोय द्या. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ इतका फरक लागतो. खाली आधीच मजकूर छापलेला असेल तर सबटायटल वर सरकवता आली पाहिजेत.

शोधलं तर सापडत नाही अशी तक्रार येते. काय करावं?

आधी ज्या शोधांना शून्य निकाल आले त्यांची यादी काढा आणि स्वतः वाचा. त्या यादीत तुमचं निम्मं उत्तर आहे.

मराठीत एकच शब्द लोक अनेक प्रकारे लिहितात. व्हिडिओ, व्हिडीओ, विडिओ. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक शोधताना दुर्लक्षित करा. त्याच यादीत रोमन लिपीत लिहिलेली मराठीही दिसेल, तिचीही जुळणी हवी. आणखी एक खाचखळगा आहे जो वरून दिसत नाही. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, दोन प्रकारे साठवता येतं: एकसंध, किंवा र आणि नुक्ता (खालचा ठिपका) मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घ्या, नाहीतर ‘दुसऱ्या’ शोधणाऱ्याला ‘दुसऱ्या’ सापडणार नाही.

अपलोडच्या पानाकडे कुणी बघत नाही. ते इतकं महत्त्वाचं आहे का?

माझ्या मते प्लेअरइतकंच. बघणारा कंटाळला तर एक प्रेक्षक जातो. व्हिडिओ बनवणारा कंटाळला तर त्याचे पुढचे सगळे व्हिडिओ जातात.

एका शिक्षिकेनं मला तिचा फोन दाखवला होता. तासाभराचा धडा, ९४ टक्के अपलोड झालेला, आणि खाली लाल अक्षरांत ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’. पुन्हा म्हणजे शून्यापासून. शीर्षक, वर्णन, विषय हे सगळं तिनं भरलेलं होतं, तेही पुसलं गेलं. तिसऱ्या प्रयत्नानंतर तिनं तो धडा संकेतस्थळावर टाकायचा नाद सोडला आणि मुलांना एकेकाला फोनवरून पाठवला.

हे टाळणं तंत्राच्या दृष्टीनं अवघड राहिलेलं नाही. फाइलचे तुकडे करून पाठवायचे, कुठवर पोचलं ते सर्व्हरनं लक्षात ठेवायचं, आणि नेट परत आलं की तिथूनच पुढे सुरू करायचं. टस नावाची खुली पद्धत नेमकी यासाठीच आहे. शीर्षक आणि वर्णन प्रत्येक बदलाला आपोआप जपून ठेवा. फाइल जात असतानाच ते भरता आलं पाहिजे, आधी फाइल आणि मग फॉर्म असं लावू नका.

टक्क्यांच्या पट्टीत दोन कामं मिसळू नका. फाइल पोचणं हे एक आणि तिचे वेगवेगळे दर्जे तयार होणं हे दुसरं. पहिलं संपलं की स्पष्ट लिहा: ‘फाइल पोचली. आता हे पान बंद केलं तरी चालेल.’ या एका वाक्यासाठी लोक अक्षरशः आभार मानतात, कारण तोवर ते फोन हातात धरून बसलेले असतात. कमी दर्जाची प्रत आधी तयार करून व्हिडिओ लगेच बघण्याजोगा करा, बाकीचे दर्जे मागून येऊ द्या.

चूक झाल्याचा संदेश लिहिताना काय चुकलं आणि आता काय करायचं हे दोन्ही सांगा. आणि प्रसिद्ध करायच्या आधी व्हिडिओ कुणाला दिसणार आहे, सगळ्यांना, फक्त लिंक असणाऱ्यांना की फक्त मला, हे बटणाच्या शेजारीच लिहिलेलं असू द्या.

जाहिरातींशिवाय आमचं चालणार नाही. मग?

चालवा, पण ताबा सोडू नका. मध्ये जाहिरात कुठे येणार ते पट्टीवर वेगळ्या रंगानं दाखवा आणि ती वाक्याच्या मध्येच तोडून आणू नका. वगळायचं बटण खरं असावं, कायम एकाच जागी असावं. आवाजाची पातळी व्हिडिओइतकीच ठेवा. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या ईबीयू आर १२८ या शिफारशीनं त्यासाठी उणे २३ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) ही पातळी धरली आहे. वेबवर तुम्ही वेगळी पातळी धरली तरी हरकत नाही, फक्त जाहिरात आणि व्हिडिओ दोघांना एकच लावा. जाहिरातीचा सर्व्हर दोन सेकंदांत उत्तर देत नसेल तर त्याला सोडून व्हिडिओ सुरू करा.

उभे व्हिडिओ आडव्या चौकटीत कसे दाखवायचे?

दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून मध्ये चिंचोळं चित्र दाखवू नका. फोनवर व्हिडिओच्या आकाराप्रमाणे चौकटच उंच करा, आणि स्क्रोल केलं की ती लहान होऊन वर चिकटू द्या. मोठ्या पडद्यावर शेजारच्या रिकाम्या जागेत कमेंट किंवा वर्णन आणा.

डार्क मोड हवा का?

हवा. फोनची सेटिंग बघून आपोआप लावा. पूर्ण काळ्यावर शुभ्र पांढरी अक्षरं टोचतात, दोन्ही थोडे सौम्य ठेवा.

नवं डिझाइन आणलं की लोक ओरडतात. लक्ष द्यावं की नाही?

द्यावं, पण ओरडण्यात दोन प्रकार असतात ते वेगळे करा. सवय मोडल्याचा राग दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. काम अडल्याचा राग ओसरत नाही. ‘बटण कुठे गेलं’ हा पहिला प्रकार, ‘आता मला हे करताच येत नाही’ हा दुसरा. दुसऱ्या प्रकारच्या प्रत्येक तक्रारीला माणसानं उत्तर द्यावं.

काढून टाकायचंच असेल तर कसं काढावं याचं यूट्यूबच्या ॲनोटेशनचं उदाहरण चांगलं आहे. व्हिडिओवर टाकता येणाऱ्या त्या चौकटी फोनवर चालत नव्हत्या. मे २०१७ मध्ये त्यांनी नव्या चौकटी बनवणं बंद केलं आणि जुन्या सगळ्या १५ जानेवारी २०१९ ला काढल्या. मध्ये दीड वर्षाहून जास्त अवधी होता आणि एंड स्क्रीन (व्हिडिओच्या शेवटी येणाऱ्या लिंक), कार्ड (मध्ये येणाऱ्या लिंक) असे फोनवर चालणारे पर्याय उपलब्ध होते. तरीही चौकटींवर टॅप करून पुढचा मार्ग निवडायचे खेळ लोकांनी बनवले होते, ते कायमचे मोडले. काही काढताना कुणाचं केलेलं काम मोडतंय का, हे आधी शोधा.

एकदम सगळ्यांना नवं रूप देऊ नका. थोड्या लोकांपासून सुरू करा आणि काही आठवडे जुन्या रूपाकडे परत जायची वाट ठेवा. परत जाणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: काय जमलं नाही?

मोजायचं काय?

पहिल्या फ्रेमपर्यंतचा वेळ, अडकण्यात गेलेला वेळ, सुरू होण्याआधीच निघून गेलेले लोक, शून्य निकालाचे शोध, अर्धवट राहिलेले अपलोड. पानासाठी गूगलची मापं आहेत: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, टॅपला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि पान उघडताना मजकूर जागचा हलतो त्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. सरासरी बघू नका. ही मापं शंभरातल्या पंच्याहत्तर भेटींत पाळली जातात का ते बघतात. सरासरीत वेगवान नेटवाले हळू नेटवाल्यांना झाकून टाकतात.

चाचणीसाठी बजेट नाही. काही करता येईल?

पाच माणसं पुरतात. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली हेच मांडलं होतं: पाच जणांसोबतच्या चाचणीत बहुतेक मोठे दोष समोर येतात, म्हणून एकदाच पुष्कळ लोक बोलावण्यापेक्षा दुरुस्ती करून पुन्हा पाच जण बोलवावेत. त्यांचाच फोन, त्यांचंच नेट वापरा. ‘हा व्हिडिओ बघा आणि मला त्यातला तो भाग पाठवा’ असं काम द्या आणि गप्प बसा. मदत करायचा मोह फार होतो. समोरचा माणूस अडखळला की आपण बोट दाखवतो, आणि नेमकं जे शिकायचं होतं ते हातचं जातं.

पानांचे पत्ते बदलले तर चालेल का?

शक्यतो बदलू नका. लोकांनी पाठवलेल्या, वहीत लिहून ठेवलेल्या, इतर पानांवर लावलेल्या लिंक तुमच्या हातात नाहीत. बदललेच तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमची वळवणी लावा, आणि लिंकमध्ये दिलेली वेळ, म्हणजे ‘तिसऱ्या मिनिटापासून बघ’, तीही सोबत पुढे जाते का हे तपासा. एका स्थलांतरात आमच्याकडून नेमकी ती वेळ गळली होती. लिंक उघडत होत्या, व्हिडिओ चालत होते, आमच्या कुठल्याच आकड्यात काही बिघाड दिसत नव्हता. फक्त प्रत्येक जण सुरुवातीला पोचत होता, आणि दोन तासांच्या व्याख्यानात त्याला दाखवायचं होतं ते वाक्य शोधत बसत होता.